फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात?

मुलांनो, तुमच्या शाळेत बालआनंद मेळावा भरतो ना? आमच्या शाळेतही दरवर्षी भरतो. कुणी भजी विकतं, कुणी ताक, तर कुणी परसातल्या शेवग्याच्या शेंगा. दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात माझ्या चौथीतल्या पाच जणांनी भेळेचा स्टॉल लावला होता. दहा रुपयांना एक द्रोण. त्या दहातला एक रुपया शाळेच्या झाडांसाठी द्यायचा, असं सगळ्या स्टॉलवाल्यांचं आधीच ठरलं होतं. तशी पाटीसुद्धा लावली होती.

भेळ धडाक्यात खपली. ६१ द्रोण गेले! गल्ल्यात, म्हणजे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, ६१० रुपये यायला हवे होते. पण मध्येच चुरमुरे आणि फरसाण संपलं, म्हणून एकाने डब्यातलेच ८० रुपये घेऊन कोपऱ्यावरून सामान आणलं. उरले ५३०. पाच जणांनी घरून आणलेलं भांडवल ३०० रुपये होतं, ते ज्याचं त्याला परत केलं. राहिले २३०. "बाई, प्रत्येकाला सेहेचाळीस रुपये नफा!" फळ्यावर लिहून मोकळे! वाटणीही झाली आणि दोघांचे पैसे तर गोळेवाल्याकडे पोचलेसुद्धा.

मी विचारलं, "आणि झाडांचे एकसष्ट?"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात दुसरी तक्रार आली. सकाळी सातपासून डोळे चोळत कांदे चिरणाऱ्या मुलालाही सेहेचाळीस आणि साडेदहाला डुलत आलेल्यालाही सेहेचाळीस. हे कसं काय? झालं, भेळेपेक्षा भांडण तिखट झालं.

तुम्ही हसाल. पण खरं सांगू? वर्कशॉप, किराणा दुकान, बेकरी, छापखाना, कुठलाही छोटा धंदा घ्या. तो चालवणाऱ्या मोठ्या माणसांपुढे दर महिन्याला हेच दोन प्रश्न असतात. कुणाला किती मजुरी द्यायची, हा एक. आणि गल्ल्यात दिसणाऱ्या पैशांतले आपले किती आणि दुसऱ्याचे किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर भांडणं होतात, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. दुसरा गुपचूप बसलेला असतो.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने मला कोड्यात पाडलं. तिचे आई-बाबा दोघंही एकाच कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आहेत. दोघांचा पगार सारखाच, १५,००० रुपये. पण घरी येतात ते बाबांचे १२,८८७ आणि आईचे १३,०८७. "आईला दोनशे रुपये जास्त कसे, बाई? आणि फेब्रुवारीत बाबांचे आणखी शंभर कमी येतात, म्हणे. फेब्रुवारीत दिवस कमी असतात म्हणून का?"

तिने दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. चला, आपण मिळून वाचू. वही-पेन्सिल घ्या.

चिठ्ठीच्या एका बाजूला पगार लिहिलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला कपात. कपातीतली पहिली ओळ प्रॉव्हिडंट फंडाची. आपल्याकडे सगळे नुसतं 'फंड' म्हणतात. पगाराचे १२ टक्के. १५,००० चे किती? १,८००. हे पैसे कुठे गेले? कुठेच नाही, ते कामगाराच्याच नावाने साठतात आणि त्यावर व्याज मिळतं. १९५२ सालच्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली. दुसरी ओळ ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा. पगाराचे पाऊण टक्का, ते झाले ११२ रुपये ५० पैसे, आणि पुढचा पूर्ण रुपया धरून ११३. यातून कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळतं, आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळतो. इथपर्यंत आई आणि बाबा सारखेच. तिसऱ्या ओळीत मात्र बाबांच्या चिठ्ठीवर 'व्यवसाय कर २००' आणि आईच्या चिठ्ठीवर शून्य!

हे तिसऱ्या ओळीचं कोडं थोडं बाजूला ठेवू. आधी मालकाकडे बघू, कारण त्याची बाजू चिठ्ठीवर दिसतच नाही.

कामगाराचे १,८०० कापले, की मालकालाही आपल्या खिशातून तेवढेच १,८०० घालावे लागतात. त्यातले १,२५० कामगाराच्या पेन्शनसाठी जातात, उरलेले ५५० फंडात. ईएसआयसाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये. शिवाय फंडाला जोडलेल्या विम्याचे ७५ आणि कारभारखर्चाचे ७५. बेरीज करून बघा बरं. बाबा म्हणतात, माझा पगार बारा हजार आठशे सत्याऐंशी. मालक म्हणतात, हा माणूस मला सतरा हजार चारशे अडतीसला पडतो. दोघंही खरंच बोलतायत! मधल्या ४,५५१ रुपयांना मात्र नीट ओळखून ठेवा. महिन्याच्या सुरुवातीला ते मालकाच्याच बँक खात्यात पडलेले असतात. दिसायला त्याचे. पण ते त्याचे नाहीत. त्यातल्या फंडाचे आणि ईएसआयचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. त्या पंधरवड्यात मालक हा नुसता राखणदार.

आणि राखणदाराला भूक लागली तर?

ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. माझे अण्णा कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर काम करणारा तो टर्नर. पंचवीसेक माणसांचं वर्कशॉप. अण्णांच्या शर्टाला कायम कूलंटचा वास यायचा आणि बोटांत लोखंडाची बारीक बुर असायची. दर महिन्याला ते पगाराची चिठ्ठी घरी आणून एका खिळ्याला अडकवायचे. फंड कापल्याची ओळ प्रत्येक चिठ्ठीवर असायची. २००४ साली मी सातवीत होते. आजीच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत म्हणून अण्णांनी फंडातून रक्कम उचलायला अर्ज केला. तेव्हा कळलं, की चौदा महिने फंड भरलाच नव्हता. कापला होता, भरला नव्हता!

वर्कशॉपच्या मालकाने तो पैसा काही मौजमजेत उडवला नव्हता. माल घेणाऱ्या कारखान्याने बिलं थकवली होती, विजेचं बिल अंगावर आलं होतं, कच्च्या मालाचे पैसे द्यायचे होते. समोर खात्यात रक्कम दिसत होती. "पुढच्या महिन्यात भरू" असं म्हणून त्याने ती वापरली. मग पुढच्या महिन्यात पुन्हा. अगदी आमच्या भेळवाल्यांसारखं, चुरमुरे संपले की डब्यात हात!

आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. आजीचं ऑपरेशन झालं. पुढे फंडाच्या कार्यालयातून नोटीस निघाली, मालकाने हप्त्याहप्त्याने सगळे पैसे व्याज-दंडासकट भरले. पण पाटल्या काही परत आल्या नाहीत. अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, "मालक वाईट नव्हते गं, अडचणीत होते." मला ते अजून पटलेलं नाही. अडचण आमच्याही घरात होतीच की! कायदाही अण्णांसारखा मऊ नाही. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, नुसती उशिराची चूक नाही.

आता एक बरं झालंय. २०१४ पासून प्रत्येक कामगाराला फंडाचा एकच कायमचा नंबर मिळतो, त्याला यूएएन म्हणतात. नोकरी बदलली तरी नंबर तोच. मोबाईलवर उमंग ॲपमध्ये पासबुक उघडून दर महिन्याची नोंद बघता येते. माझ्या अण्णांना हे कळायला चौदा महिने लागले, तुमच्या बाबांना चौदा सेकंद लागतील. बघायची आठवण मात्र हवी. आई-बाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे बरं का!

आता तिसरी ओळ. व्यवसाय कर.

हा कर महाराष्ट्रात १९७५ सालापासून आहे. पण त्याची गोष्ट त्याच्याही आधी सांगली जिल्ह्यात सुरू होते. तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. पाऊस कमी, हाताला काम त्याहून कमी. वि. स. पागे हे तेव्हा आपल्या विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या डोक्यात एक साधा विचार आला. जो अंगमेहनत करायला तयार आहे आणि काम मागतो आहे, त्याला सरकारने काम द्यावं. भीक नाही, काम. बांधबंदिस्ती, रस्ते, पाझर तलाव, झाडं लावणं, अशी गावाच्या उपयोगाची कामं. १९६५ साली विसापुरात हा प्रयोग करून पाहिला. पुढे १९७२ चा भयंकर दुष्काळ पडला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते खडी फोडायच्या कामांच्या आठवणी सांगतील. लाखो माणसं त्या कामांवर होती. विसापूरची कल्पना राज्याने उचलली, तीच रोजगार हमी योजना. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ साली देशानेही तसा कायदा केला, तो महाराष्ट्राकडे बघूनच.

पण मजुरी द्यायला पैसा कुठून आणायचा? मग ठरलं, की ज्यांना दरमहा पगार मिळतो, ज्यांचं दुकान-व्यवसाय चालतो, त्यांनी थोडा थोडा भार उचलायचा. हाच तो व्यवसाय कर! पॅकिंग करणाऱ्या बाबांच्या पगारातले दोनशे रुपये, असे दुष्काळातल्या मातीच्या बांधाशी जोडलेले आहेत. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे हे पण झाडांच्या एक रुपयासारखंच!" अगदी बरोबर.

आता फेब्रुवारी. आपल्या राज्यघटनेने या कराला एक कुंपण घातलंय. कुणाकडूनही वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचा नाही. पूर्वी हे कुंपण २५० चं होतं, १९८८ मध्ये ते वाढवलं. आता २,५०० ला १२ ने भागून बघा. सरळ भाग जात नाही! २०८ रुपये आणि वर ३३ पैशांचं शेपूट. म्हणून महिन्याचा पगार १०,००० च्या वर असलेल्यांचे अकरा महिने दोनशे-दोनशे कापतात, ते झाले २,२००. उरलेले ३०० शेवटच्या महिन्यात. या कराच्या हिशेबाचं वर्ष मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीला संपतं, म्हणून शेवटचा महिना फेब्रुवारी. दिवस कमी असण्याशी काहीएक संबंध नाही. आणि आईच्या चिठ्ठीवर शून्य का? महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. मुलीने लगेच हिशेब करून सांगितलं, "म्हणजे आईचे वर्षाला अडीच हजार वाचतात!" आणि मग हळूच, "बाबांना सांगू नको असं आई म्हणेल."

कराचा पैसा दुसऱ्याच्या हातातून जातो, याचं उदाहरण तुम्ही परवाच पाहिलं असेल. हॉटेलात डोसा खाल्लात, ४०० रुपये झाले. बिलाखाली दोन ओळी असतात. सीजीएसटी १०, एसजीएसटी १०. द्यायचे ४२०. हे वरचे वीस रुपये हॉटेलवाल्या काकांची कमाई नाही. दहा केंद्र सरकारचे, दहा राज्याचे. १ जुलै २०१७ पासून ही पद्धत आहे. ते पैसे काकांच्या गल्ल्यात काही दिवस पाहुणे म्हणून राहतात. बिलावर एक पंधरा अक्षरांचा नंबर असतो, तो शोधा. सुरुवात २७ ने झाली, तर नोंदणी महाराष्ट्रातली. गोव्यात गेलात तर ३० दिसेल. काही लहान हॉटेलवाले कंपोझिशन नावाच्या सोप्या योजनेत असतात. ते आपला कर थोडक्यात भरतात, पण त्यांना गिऱ्हाईकाकडून जीएसटी वेगळा मागता येत नाही. बिलावर कंपोझिशन लिहिलंय आणि तरीही खाली जीएसटी लावलाय, असं दिसलं तर बाबांच्या कानात सांगा. मोठ्याने नको.

आमच्या गावात एक मावशी चटणी-मसाल्याचा उद्योग चालवतात. बारा बायका कामाला. तिखट कांडायचं यंत्र सुरू असलं की अख्खी गल्ली शिंकते! भेळेचा प्रकार झाल्यावर मी त्या पाचही जणांना घेऊन त्यांच्याकडे गेले. मावशींनी आधी हजेरीचं बुक दाखवलं. कोण आलं, कुणाचा खाडा झाला, कुणी किती उचल घेतली, सगळं तारखेनिशी. महिन्याच्या पगाराला २६ ने भागून एका दिवसाची मजुरी काढतात, कारण चार दिवस आठवड्याची सुट्टी. दिवाळीत जादा काम पडलं, तर जादा तासांना दुप्पट दर. "उचल तोंडी ठेवली, की दोघींच्या डोक्यात दोन आकडे राहतात," मावशी म्हणाल्या. "लिहिलं आणि सही घेतली, की एकच राहतो." कांदे चिरणाऱ्या मुलाने इतकी जोरात मान हलवली, की सगळे हसले.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झालाच पाहिजे, असा कायदा आहे. मावशी पाच तारखेलाच करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी लाल पेनाने गोल केलेत. ५ ला पगार, १५ ला फंड आणि ईएसआय, २० ला जीएसटी. आणि त्यांची बँकेत दोन खाती आहेत. एकाला त्या 'आपलं' म्हणतात, दुसऱ्याला 'परकं'. पगाराच्या दिवशी, बायकांच्या हातात पैसे पडायच्या आधी, कापलेली रक्कम आणि स्वतःचा वाटा 'परक्या'त जातो. जीएसटीचं तर दर शनिवारी. मिरचीचा भाव कितीही वाढू दे, त्या खात्याला हात लागत नाही. पहिली दोन वर्षं असं नव्हतं, हेही त्यांनी कबूल केलं. तेव्हा एकच खातं होतं आणि कर भरायची तारीख आली की पोटात गोळा यायचा.

इथे एक गमतीची, खरं तर चीड आणणारी गोष्ट. ईएसआय दहा कामगारांपासून लागू होतं आणि फंड वीस कामगारांपासून. त्यामुळे काही ठिकाणी हजेरीबुकात माणसं कायम एकोणीसच असतात! विसावा माणूस काम करतो, घाम गाळतो, पण बुकात नसतो. मावशींकडे बाराच बायका आहेत, म्हणजे फंडाची सक्ती नाही. तरी त्यांनी स्वतःहून फंड लावून घेतलाय. तसं करता येतं. का लावला, विचारल्यावर त्या म्हणाल्या, "चांगली कांडणारी बाई चार दिवसांत मिळत नाही बाई, टिकवावी लागते." मला हे उत्तर फार आवडलं. उगाच मोठेपणा नाही, धंद्याचं गणित आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. घरी पगाराची चिठ्ठी येत असेल, तर आई-बाबांच्या परवानगीने ती समोर घ्या आणि प्रत्येक कपातीपुढे 'हे कुणाचे?' असं लिहा. सगळ्यांच्याच घरी चिठ्ठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं आहेत, गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांची आहेत. त्यांनी एक वही करायची. तारीख, काम, ठरलेली मजुरी, मिळालेली मजुरी, उचल. माझ्या वर्गातला एक मुलगा गेलं वर्षभर आपल्या वडिलांची अशी वही लिहितोय. दिवाळीला मुकादमाशी हिशेबाला बसताना वडील ती वही आणि मुलगा, दोन्ही बरोबर घेऊन गेले होते.

आणि हो, यंदाचा मेळावा. आता वरच्या वर्गात गेलेल्या त्याच पाच जणांनी पुन्हा भेळ लावली. या वेळी डबे दोन होते. एकावर 'भेळ', दुसऱ्यावर 'झाडं'. प्रत्येक द्रोणाला नऊ रुपये इकडे, एक रुपया तिकडे. कोण किती वाजता आलं, याची वही कांदेवाल्याकडेच होती. वाटणीत त्याला इतरांपेक्षा पंधरा रुपये जास्त मिळाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

बाराच्या सुमाराला पुन्हा चुरमुरे संपले. 'भेळ' डब्यातले पैसे मधल्या वेळेत लिंबं आणि शेव आणण्यात गेले होते, नंतरच्या विक्रीचे थोडेसेच जमले होते. दुकानात एवढ्याशा पैशांत काही येईना. 'झाडं' डब्यात ४३ रुपये खुळखुळत होते आणि समोर दुसरीच्या मुलांची रांग उभी. पाचही जण एकदा त्या डब्याकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम ताकाच्या स्टॉलकडे निघून गेले.

परत आले, तेव्हा पाटीवर खडूने लिहिलं होतं, 'भेळ संपली.'